पाणंदीचा नकाशा मी का पाठवत नाही

"मार्कंडेय नदीच्या काठानं सायकलवरून जाता, तो मार्ग जरा पाठवा की." गेली चार वर्षं हे ऐकते आहे. पुण्याचे विचारतात, हुबळीचे विचारतात, इथं बेळगावात टिळकवाडीतले तर गाडी थांबवून विचारतात. नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं: "एवढं लपवण्यासारखं काय आहे? नदी काय तुमच्या घरची आहे?" दरवेळी मी विषय बदलते आणि घरी येऊन दिवसभर चिडत बसते. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदा सगळं लिहिते.

नदी माझ्या घरची नाही, आणि ती कुणापासून लपलेलीही नाही. राकसकोपच्या धरणाला अडते, तिथून उचगाव, सुळगा, आंबेवाडी, मण्णूर, कंग्राळी, अलतगा, कडोली, काकती अशी गावं घेत खाली जाते, गोडचिनमलकीला धबधब्यानं कोसळते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. राकसकोपचं पाणी २४७५ फुटांवर पोचल्याची, म्हणजे धरण भरल्याची बातमी आल्याशिवाय बेळगावकरांचा पावसाळा पुरा होत नाही. या गावांच्या मधली नेमकी पाणंद, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, कुठली, कुठल्या बांधाला वळायचं, ओढ्यात उतार कुठं आहे, एवढंच मी सांगत नाही.

बाकी काय हवं ते विचारा. उचगाव, बेळगुंदी, बेकिनकेरेकडची माती तांबडी आणि मुरमाड. पाऊस उघडला की दोन दिवसांत चाक धरते. कडोलीच्या अंगाला काळी जमीन. तिथं ओल असताना गेलात तर माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, मग काटकी घेऊन खरवडत बसा. ४० मिलिमीटरचा टायर पुरतो, हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवा, आणि बाभळीच्या काट्यासाठी ट्यूबलेसमध्ये भोक बुजवणारं सीलंट भरलेलं असू दे. कच्च्या रस्त्यांसाठीची महागडी ग्रॅव्हल सायकलच पाहिजे असं काही नाही. या वाटांवर दुधाचे कॅन लावलेल्या सायकली तुमच्या-माझ्या आधी कितीतरी वर्षं फिरल्यात.

वाट मला बाबांनी दाखवली. ते काकतीजवळच्या कारखान्यात होते. हायवेच्या ट्रकांना भिऊन शिवारातून जायचे, काळी अ‍ॅटलस घेऊन. त्याच सायकलच्या डंड्यावर बसून मी सीमाभागातल्या मराठी माणसांच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीलाही गेले आहे. सायकल हा आमच्या घरात कधी खेळ नव्हता. हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. मी त्या वाटेवर हक्क सांगते असं तुम्हाला वाटतं ना, तर हो, थोडा वाटतो. तिथूनच माझी चूक सुरू झाली.

चार वर्षांपूर्वी मीच तो मार्ग नोंदवून अ‍ॅपवर टाकला होता. चौतीस किलोमीटर, त्यात डांबर जेमतेम पाच. खाली लिहिलं होतं: 'वापरली तर वाट जगते.' मनापासून लिहिलं होतं. पहिल्या महिन्यात ओळखीचे आले, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे, मग मोटरसायकलवाले. मला आनंद होत होता, हे कबूल करते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी अकरा जणांना घेऊन मी पुढे निघाले. शुक्रवारी अवकाळी पाऊस झाला होता. पाणंदीच्या दोन्ही चाकोऱ्या पाण्यानं भरलेल्या. मी मधल्या उंचवट्यावरून सायकल पुढे काढली. मागच्या चौघांना चिखल नको होता. ते बांध ओलांडून शेतात उतरले. शेतात भात कापून वाळायला आडवं टाकलेलं. भिजलेलं भात, त्यात चौघांच्या सायकली त्याच्यावरून गेल्या. मला ओरडा ऐकू आला तेव्हा मी ओढ्यापाशी पोचले होते.

परत फिरले तेव्हा एक काकू वाकून लोंब्या गोळा करत होत्या. चिखलात दाबलेल्या लोंब्या बोटांनी उकरून पदरात घेत होत्या. त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आधी पावसानं निजवलं. आता तुम्ही." मी पाकीट काढलं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "पाणंद सरकारी आहे, आम्ही रस्त्यावरूनच चाललो होतो." मी त्याला गप्प केलं, पण ते वाक्य आधी माझ्याच तोंडून शिकलेलं होतं.

त्या रात्री मार्ग अ‍ॅपवरून काढला. तोवर किती जणांनी उतरवून घेतला होता कोण जाणे.

तीन आठवड्यांनी गेले तर पाणंदीच्या तोंडाला जेसीबीनं आडवा चर मारलेला, गुडघाभर खोल, आणि पलीकडे बाभळीची काटेरी शिरी टाकलेली. मी इथंच परतायला हवं होतं. पण चराच्या पलीकडे एक म्हातारे काका डोक्यावर पोतं घेऊन येताना दिसले. त्यांचं शेत शेवटचं. मळणी झालेली, भाताची पोती खळ्यावर, आणि ट्रॅक्टर आत जाईना. मुलगा गोव्यात नोकरीला. पोती डांबरी रस्त्यापर्यंत आणायची तर पाऊण किलोमीटर.

घरी गेले, बाबांची अ‍ॅटलस काढली, हवा भरली, सुतळी घेतली. माझ्या सायकलला कॅरिअर नाही. काट्या बाजूला केल्या, चरात दगड टाकून एक फळी ठेवली. एका वेळी एक पोतं, अर्ध्या क्विंटलच्या आसपास. मी हँडल धरायचं, काकांनी मागून पोतं सावरायचं. चौदा फेऱ्या झाल्या. शेवटच्या तीन अंधारात, मोबाइलच्या उजेडात.

मधे पाणी प्यायला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" बाबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "असं व्हय. ते हाक मारून जायचे. बैल बुजू नयेत म्हणून लांबनंच हाक द्यायचे." मग चराकडे बघून म्हणाले, "शहरातनं कोण तर गाड्या घालूलालेत म्हणं. म्हणून त्यांनी मारला हा चर. त्यांचंबी काय चुकलं?"

मी काही बोलले नाही. त्या गाड्यांना वाट मी दाखवली हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, आणि आजवर सांगितलेलं नाही. त्यांनी जाताना मला शेरभर नवे तांदूळ घेऊन जायला सांगितलं. मी घेतले. हेही लिहून ठेवते.

आता तुमचा मुद्दा, वाट सगळ्यांची आहे हा. तो खोटा नाही. मी नंतर गावनकाशाची प्रत काढली. त्यावर ती बंडीदारी, म्हणजे बैलगाडीची वाट, स्पष्ट तुटक रेघांनी दाखवलेली आहे, कुणाच्या उताऱ्यातली नाही. चर मारणं कायद्यात बसत नाही. तहसीलदारांकडे अर्ज करता आला असता. पण चर मारणाऱ्या त्या काकूंच्या विरोधात, मी? लोंब्या उकरणारी ती बोटं बघितल्यावर माझ्या हातून अर्ज लिहिला गेला नाही. आणि त्यामुळे पलीकडच्या काकांची वाट बंद राहिली, हेही माझ्याच खात्यावर.

चार वर्षांपूर्वीची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, लपवून काय वाचवलंस? बाबांची काकतीकडची दुसरी पाणंद कुणी नकाशावर टाकली नव्हती, कुणी सायकली घातल्या नव्हत्या. दरवर्षी नांगराची एकेक रेघ तिच्यात सरकत गेली, आता तिथं ऊस उभा आहे. कुणी चाललंच नाही म्हणून ती गेली. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाट जास्त माणसांनी मरते आणि माणसांशिवायही मरते. किती माणसं म्हणजे बरोबर, हे ठरवणारी मी कोण, असं तुम्ही विचारता तेव्हा मला राग येतो तो याचसाठी.

आता एवढंच करते. कुणाला यायचं असेल तर बरोबर नेते, चौघांपेक्षा जास्त नाही. जुलैत नट्टी, म्हणजे भातलावण, चालू असताना नाही, सुगीत भात पडलेलं असताना तर मुळीच नाही. मसूर, वाटाणा निघाल्यावर, फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत. बैल किंवा माणूस दिसलं की लांबून हाक द्यायची. फोनवर मार्ग नोंदवायचा नाही. यातल्या शेवटच्या अटीवर दोन मित्र तुटले. त्यांचं म्हणणं, तुझा विश्वास नाही आमच्यावर. खरं आहे. त्यांच्यावर नाही आणि माझ्यावरही पुरता नाही.

मागच्या रविवारी तिकडून गेले होते. यंदाच्या पावसानं चर निम्मा बुजलाय, कडेनं बैलगाडी जाईल इतकी जागा झालीय. वाळलेल्या गाळात एक ताजी चाकोरी उमटलेली होती, रुंद टायरची. उतरून बसून बघितली. नक्षी माझ्या टायरची नव्हती.