इंजिन बंद पडलं, पण दोष कुणाचा?

घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचे एनटीएसबीचे (अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) अहवाल मी रात्री झोपताना वाचतो. बायको वैतागते. "अजून उडलं नाही तोवर हे काय अभद्र वाचत बसतोस?" पण ओहायोतल्या आमच्या गॅरेजमध्ये आरव्ही-9ए हे दोन सीटचं छोटं विमान आकार घेतंय (पुण्याचे नातेवाईक विचारतात, "त्या कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांसारखं का?" नाही हो, त्यांनी स्वतः डिझाइन केलं, माझं किट आहे) आणि किटच्या मॅन्युअलइतकेच हे अहवाल मला लागतात.

'इंजिन बंद पडलं' असं वाचलं की आपल्याला फुटलेला पिस्टन दिसतो. पुढे वाचावं तर पुष्कळदा इंजिन धडधाकट असतं, त्याच्यापर्यंत पेट्रोलच पोचलेलं नसतं. टाकीत राहिलेला ड्रिलिंगचा चुरा, फिल्टरमध्ये अडकलेला सीलंटचा तुकडा, एक्झॉस्टला खेटून नेलेली आणि तापून आत वाफ धरणारी नळी. यातलं काहीच इंजिनासोबत खोक्यातून येत नाही, ते आपल्या हातचं असतं.

मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेला अहवाल गायक जॉन डेन्व्हरचा आहे. 12 ऑक्टोबर 1997, कॅलिफोर्नियातलं माँटेरे. विमान लाँग-ईझी, बर्ट रुटानचं डिझाइन, पण बांधलेलं दुसऱ्याच कुणीतरी, आणि डेन्व्हरने नुकतंच विकत घेतलेलं. मूळ नकाशात टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. का, तर कॉकपिटमधून पेट्रोलच्या नळ्या नकोत! म्हणजे सुरक्षिततेसाठीच. त्यावर खुणा नव्हत्या आणि तो फिरवायलाही जड होता. पेट्रोल किती उरलंय ते दाखवणाऱ्या काचाही पाठीमागे, त्यांवरही आकडे नाहीत. पेट्रोल भरायचं का असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाला, तासभरच तर उडायचं होतं. हवेत इंजिन थांबलं. मागे वळून तो व्हॉल्व्ह फिरवायला गेलं की उजवा पाय नकळत रडरच्या, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पेडलवर दाबला जातो, हे तपासात करून पाहिलं गेलं. विमान समुद्रात कोसळलं.

मला त्या बांधणाऱ्याचा राग येत नाही. त्याचं कारण मलाही पटलं असतं. पण त्याच्या डोक्यातलं विमान विकत घेणाऱ्याच्या डोक्यात कसं जाणार? एनटीएसबीने 2012 मध्ये घरगुती विमानांचा मोठा अभ्यास छापला. 2011 मध्ये तपासलेल्या अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं दुसऱ्याकडून विकत घेतलेली निघाली.

म्हणून माझा व्हॉल्व्ह नकाशात आहे तिथेच, दोन सीटच्या मध्ये. परवा बायकोला सीटवर बसवून पट्टे आवळले आणि डोळे मिटून टाकी बदलायला सांगितलं. हात बरोबर गेला. डोळे उघडल्यावर म्हणाली, "हे डावं-उजवं वाचायला मान वाकडी करावी लागते." लेबल पुन्हा छापतोय, मोठ्या अक्षरांत.

नळ्यांची परीक्षा बाकी आहे. 160 हॉर्सपॉवरचं इंजिन टेकऑफला तासाला साधारण 55 लिटर पितं. पंप असलेल्या विमानात निदान सव्वापट, म्हणजे तासाला सत्तर लिटरच्या आसपास, मिळालं पाहिजे. पेट्रोल नुसतं उतारावरून येत असेल तर दीडपट. नाक चढणीच्या कोनात वर करायचं, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवायची, कॅनमध्ये पेट्रोल सोडायचं, हातात घड्याळ. पाच लिटरला सव्वाचार मिनिटांहून जास्त लागली तर नळी उलगडून शोधत बसायचं. दोन्ही टाक्यांसाठी वेगवेगळं, आणि टाकी तळाला आलेली असताना पुन्हा.

हे गॅरेजमध्ये करायचं नाही, असा घरून हुकूम आहे आणि तो बरोबरच आहे. विमान हँगरवर नेल्यावर करू. शेजाऱ्याने आग विझवायचं सिलिंडर घेऊन उभं राहायचं कबूल केलंय, मोबदल्यात मिसळ.