मचूळ पाण्याचे फोड

मे महिन्यात डब्याच्या स्प्रेने घरीच रंगवलेल्या गाड्या जून लागला की मालवण परिसरातून माझ्याकडे यायला लागतात. बहुतेकींचं दुखणं एकच: खालचा गंज नीट काढलेला नसतो, तो रंगाला घेऊन वर येतो. देवबागहून आलेली जुनी चेतक स्कूटर त्यातली नव्हती. गंज दिसत नव्हता, चकाकीही बरी होती. तरी डाव्या पॅनलवर, लेगशील्डच्या (पायांपुढच्या पत्र्याच्या) खालच्या भागात आणि पायदानावर मोहरीएवढ्यापासून वाटाण्याएवढे फोड. रंगवणाऱ्या मुलाचा हात साफ होता, ओघळ एकही नाही.

"काका, डबो चांगल्यातलो होतो. तरी रंग फुगलो कसो?"

फोड दिसला की आधी सुई टोचायची. आत कोरडी तांबडी भुकटी निघाली तर गंज. वरच्याच थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर भर उन्हात जाड हात मारलेला असतो. वर साय धरते आणि आत अडकलेलं थिनर ती फोडून बाहेर येतं. इथे सुई टोचताच स्वच्छ पाणी आलं. काचेच्या तुकड्यावर थेंब वाळवला, पांढरी खूण राहिली. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मऊ पडलेला, पत्रा मात्र अजून चांगला.

मग फोड कुठे नाहीत ते पाहिलं. हँडलवर नव्हते, पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर नव्हते. तिथे घासायचा पेपर कोरडाच मारला होता. जिथे वॉटर पेपर ओला करून घासलं आणि ते पाणी ओघळून तळाशी वाळलं, तिथे फोडांची रांग. सगळ्यांत मोठे, खळगे पुट्टीने भरले होते तिथे.

"पाणी खंयचा वापरलंस?"

"घरच्या बावीचा."

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा जागी उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरली की पाणी मचूळ लागायला लागतं. फिल्टर बसवणाऱ्याकडचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, त्या पाण्यात धरला, आकडा लिटरला १,३०० मिलिग्रॅमच्या वर गेला. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा ५०० आहे.

डब्याचा रंग पाणी अडवतो, वाफ पूर्ण अडवत नाही. घासकामाचं पाणी वाळलं तरी त्यातलं मीठ पत्र्यावर राहतं, आणि हाताला ते कळतही नाही. वरून प्रायमर, रंग आणि शेवटचा पारदर्शक थर, क्लिअर, चढला. मेच्या उन्हात सगळं ठणठणीत. पावसाळ्याची ओल सुरू झाली की खालचं मीठ रंगातून पाणी ओढून घेतं, ते पाणी साठतं आणि रंगाला वर उचलतं. डबा कितीही महागाचा घेतला असता तरी हेच झालं असतं.

पुट्टीचं प्रकरण त्याहून वाईट. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते, म्हणून ती कधीच ओली घासायची नाही. आधी ८० नंबरचा, मग १५०, मग २४० असा कोरडा पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं तर लाटा पडतात आणि त्या क्लिअर मारल्यावरच दिसतात. कालवताना १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर. जास्त घातला तर पुट्टी लवकर धरते खरी, पण वरच्या रंगात पिवळट डाग उतरतात. एका वेळी २-३ मिलिमीटरहून जाड थर नको.

पायदानावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काढल्या तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. पट्टीखाली पत्र्याला भोक पडलं होतं आणि ते पुट्टीने बुजवलं होतं. असली पुट्टी खालच्या बाजूने चाकाचं पाणी शोषत राहते. भोकावर उपाय एकच: कुजका पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून काढायचा आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. चेतकची बॉडी पत्र्याचीच, आत वेगळा सांगाडा नाही. पायदान कुजलं म्हणजे गाडीचा कणा कुजला. वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी पेट्रोलची टाकी काढून घ्यावी, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पावसात पुन्हा रंगवण्यात अर्थ नव्हता. दिवाळीनंतर गाडी परत आली, तोवर घरच्यांनी गंज लागू नये म्हणून तिला जळकं ऑइल चोपडलेलं. कोकणात हे सर्रास करतात आणि गाडीच्या पोटाला ते चालतंही, पण रंगवायच्या पत्र्यावर तेलाचा अंश राहिला की रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. आधी भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतलं, मग थिनरचा एक फडका पुढे आणि कोरडा फडका लगेच मागे. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं. हे घासायच्या आधी करायचं, कारण पेपर तेल ओरखड्यांत दाबून बसवतो.

फुगलेला रंग पत्र्यापर्यंत उतरवला. गंजाच्या ठिपक्यांवर गंज निष्क्रिय करणारं फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर लावून, काळं पडल्यावर उरलेलं नळाच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवलं. ॲसिड राहिलं तर वरचा प्रायमर धरत नाही. उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर ब्रशनेच मारला. डब्यातला साधा प्रायमर सच्छिद्र असतो. तो मारून गाडी रात्रभर पडवीत ठेवली तर सकाळपर्यंत खारी हवा पिऊन बसतो. म्हणून डब्याचा प्रायमर सकाळी, रंग त्याच दिवशी.

किनाऱ्यावर वेळ साधणं हेच अर्धं काम. हिवाळ्यातही पहाटे दंव असतं, दुपारी दर्यावरून खारा वारा सुटतो. मधली खिडकी साधारण साडेनऊ ते बाराची. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर डबा हातात घेऊ नये. थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग दुधाळ होतो. पॅनल अर्धा तास उन्हात ठेवून कोमट करायचं, मग सावलीत आणून मारायचं. चिऱ्याच्या अंगणात आधी पाणी शिंपडायचं, नाहीतर तांबडी धूळ ओल्या क्लिअरवर बसलीच. डब्यातला दाबाचा वायू पेट घेणारा असतो, तेव्हा न्हाणीची चूल विझलेली हवी. नाकाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, कार्बन काडतुसाचा मास्कच लागतो.

४०० मिलिलिटरच्या डब्यात साधारण एक चौरस मीटर नीट झाकलं जातं. या गाडीला प्रायमरचे दोन, रंगाचे चार, क्लिअरचे तीन डबे धरले, रंगाचे सगळे एकाच बॅचचे. डब्यातली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवायचं. अंतर २०-२५ सेंटिमीटर, बटण पॅनलच्या कडेआधी दाबायचं आणि कड ओलांडल्यावर सोडायचं. पहिला हात नुसता धुरळा, मग दहा-दहा मिनिटांनी दोन ओले. प्रत्येक पट्टा आधीच्याला अर्धा झाकणारा.

मुलाला या खेपेला मिलिटरी हिरवा हवा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १२१ तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच ठेवतो. दुसरा कुठलाही रंग घेतला तरी आरसीवरचा रंग बदलून घ्यावा लागतो. जुनाच निळा ठेवला.

क्लिअरच्या बाबतीत मात्र तडजोड केली नाही. साध्या डब्याचं क्लिअर पेट्रोलच्या थेंबाने विरघळतं, आणि टाकीच्या तोंडाशी पंपावर थेंब सांडतोच. त्यामुळे तेवढा भाग माझ्याकडे हार्डनरवालं क्लिअर गनने मारून दिला. ते घरी, पडवीत करायचं काम नाही; हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. बाकीच्या गाडीवर डब्याचंच क्लिअर. त्याला पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर प्लास्टिकचं कव्हर घालायचं नाही, मेण लावायचं नाही, आणि धुवायचं ते नळाच्याच पाण्याने.