जिन्याचा एमसीबी

जानेवारी आणि जुलै हे आमच्या अग्निसुरक्षा तपासणीच्या व्यवसायातील धावपळीचे महिने. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने या दोन महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाकडे सादर करायचे असते. बहुतेक मालकांच्या लेखी हे काम गाडीच्या पीयूसीसारखे असते. पंपाचा दाब, होज रील, सिलिंडरवरील तारखा यांकडे निदान नजर तरी जाते. इमर्जन्सी लाइटवरचा हिरवा ठिपका मात्र पेटलेला दिसला की विषय संपतो. तो ठिपका चार्जिंगचा पुरवठा येत असल्याचे सांगतो, बॅटरीत किती दम उरला आहे ते सांगत नाही.

पुण्यातील ज्या व्यापारी इमारतीविषयी लिहीत आहे, तिचे मालक निष्काळजी नव्हते. तळमजल्यावर दुकाने, वर दवाखाने, सनदी लेखापालांची कार्यालये आणि सर्वांत वर, चौथ्या मजल्यावर एक कोचिंग क्लास, असे सगळे गाळे भाड्याने दिलेले हे वयस्कर गृहस्थ देयके फाइलला लावून ठेवणारे होते आणि आदल्याच वर्षी त्यांनी सगळ्या जिन्यात नवे इमर्जन्सी लाइट बसवून घेतले होते. कार्यालये बंद झाल्यावर आम्ही जनरेटर बंद ठेवून मीटर रूममधील मुख्य स्विच पाडला, तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळे दिवे लागले. “झालं ना, साहेब?” त्यांनी समाधानाने विचारले.

मी मुख्य पुरवठा पुन्हा चालू करायला लावला आणि तिसऱ्या मजल्यावरील डीबीमधला, म्हणजे वीज वाटपाच्या पेटीतला, फक्त जिन्याच्या दिव्यांचा एमसीबी (बिघाड झाल्यास आपोआप पडणारा स्विच) खाली केला. जिना काळाकुट्ट झाला आणि एकही इमर्जन्सी लाइट लागला नाही. वायरमनला वाटले, दिवे बिघडले. दिव्यांत काहीच बिघाड नव्हता. बसवणाऱ्याने त्यांचा पुरवठा जिन्याच्या सर्किटवरून न घेता, हाताशी होते म्हणून सीसीटीव्हीच्या प्लगवरून घेतला होता. तो प्लग जिवंत असेपर्यंत दिव्याच्या लेखी वीज गेलेलीच नसते. इमर्जन्सी लाइटला वीज त्याच भागातील प्रकाशाच्या सर्किटवरून, पण बटणाच्या अलीकडून दिलेली असावी लागते; म्हणजे रात्री कोणी जिन्यातले बटण बंद केले तर तो लागत नाही आणि एमसीबी पडला तर लगेच लागतो.

“पण नेमका जिन्याचाच एमसीबी कशाला पडेल? आणि जनरेटर आहे की!” ही शंका मला दर हंगामात ऐकावी लागते. शाफ्टमधल्या, म्हणजे मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या पोकळीतल्या, केबल जळू लागल्या की आधी एखादेच सर्किट पडते, बाकी इमारत झगझगीत असते. जनरेटरची वीजही त्याच केबलमधून येते, शिवाय अग्निशमन दल आल्यावर सर्वांत आधी पुरवठा तोडते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली ती प्रामुख्याने धुराने गुदमरून, आणि वीज गेल्यावर बाल्कनीत आपत्कालीन दिवे नव्हते ही बाब त्या खटल्यात ठळकपणे पुढे आली. हे सगळे सांगण्याऐवजी मी त्यांना विचारले, “काका, मोबाइल खिशात ठेवून चौथ्या मजल्यावरून खाली उतराल का? मी मागे आहे.”

स्वतः बांधून घेतलेली इमारत, त्यामुळे ते कठड्यावर हात ठेवून ठामपणे निघाले. खिडकी नसलेला तो जिना होता. पहिल्याच वळणावर त्यांचा बूट कशावर तरी आदळला आणि वीस लिटरचा रिकामा जार धाडधाड आवाज करत पायऱ्यांवरून खाली गेला. ते जागीच थांबले. “हे इथं कोणी ठेवलं?” क्लासने ठेवलेली ती जारची रांग उजेडात ते रोजच ओलांडत होते.

त्यानंतर आम्ही सगळा पुरवठा बंद करून पूर्ण चाचणी घेतली. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार हे दिवे दीड तास चालले पाहिजेत, आणि ते तपासायला दीड तास पार्किंगमध्ये बसण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. दिव्यावरचे टेस्ट बटण दोन सेकंद दाबून ‘ठीक’ लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. गच्चीच्या दाराशी, तापणाऱ्या स्लॅबखाली लावलेला दिवा पंचवीस मिनिटांत विझला. उष्णतेने बॅटरी लवकर मरते, आणि धूर तर आधी वरच जमतो. दुसऱ्या मजल्यावरचे पन्नास मिनिटे टिकले. फक्त प्रवेशद्वाराजवळचे शेवटपर्यंत होते. देयकावर ‘बॅकअप दोन तास’ असे छापलेले होते.

मी प्रमाणपत्रावर सही केली नाही आणि ते रागावलेही नाहीत. खर्च भाडेकरूंनी का सोसू नये, यावर मात्र बराच वेळ बोलले. वायरिंग जिन्याच्या सर्किटवर आणले गेले, बॅटऱ्या बदलल्या, गच्चीजवळचा दिवा तापणाऱ्या स्लॅबपासून खाली भिंतीवर घेतला आणि महिन्यातून एकदा छोटी, वर्षातून एकदा पूर्ण चाचणी नोंदवण्यासाठी रजिस्टर ठेवले गेले. फेरतपासणीत एमसीबी पाडताच जिना उजळला. जार वळणावर नव्हते. क्लासवाल्यांनी ते इलेक्ट्रिक शाफ्टमध्ये केबलला टेकवून रचले होते. ते माझ्यासमोर बाहेर काढायला लावले आणि मग सही केली.