तुम्ही विचारलंत म्हणून: देवघरातल्या राणीछाप रुपयाचे किती येतील?

आजीच्या डब्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, रुपया निघाला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तराआधी एक कळकळीची विनंती: नाणं घासू नका. पितांबरी, चिंच, रांगोळी, काहीच नको. घासल्यावर दिसते ती चमक बारीक ओरखड्यांची असते. टाकसाळीतली मूळ झळाळी मात्र कायमची जाते आणि जाणकाराला ते भिंगातून लगेच कळतं. हळदकुंकू चिकटलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा आणि सुती कापडाने नुसतं टिपून घ्या.

मग वजन करा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. 1835 ते 1939 चा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि त्यात चांदी 91.7 टक्के. भरलेल्या वजनाला 0.917 ने आणि आलेल्या आकड्याला त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या एका ग्रॅमच्या दराने गुणा, की धातूची किंमत कळते. थोडी झीज चालते, पण ठसा ठसठशीत असून वजन ग्रॅमभर कमी भरलं तर नाणं ओतीव नकली असू शकतं. त्याच्या कडेवर जोडाची रेघ आणि अक्षरांभोवती बारीक छिद्रं शोधा. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी 50 टक्केच आहे. 1947 चा निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो.

बहुतेक राणीछाप आणि राजाछाप रुपये चांदीच्या भावाच्या थोडेच वर जातात. नुसतं जुनं असल्याने भाव येत नाही. कमी उरलेलं आणि न झिजलेलं असेल तर येतो. 1862 चंच उदाहरण घ्या. हे साल 1874 पर्यंत तसंच ठेवून रुपये पाडत राहिले, त्यामुळे ते भरपूर सापडतात. संग्राहक सालाजवळची बारीक टिंबं मोजून त्यातले प्रकार वेगळे करतात.

1911 चा पंचम जॉर्जचा रुपया भिंगाखाली जरूर धरा. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो. लोकांनी आक्षेप घेतला आणि 1912 पासून हत्ती बदलला. हा रुपया चांदीपेक्षा चांगला जास्त जातो. 1939 चा त्याहून कितीतरी दुर्मिळ, म्हणूनच 1938 मधला 8 कोरून 9 केलेले फसवे रुपये फिरतात. त्या आकड्याभोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसला तर सोडून द्या. माळेसाठी कडी डागलेली किंवा भोक पाडलेलं असेल, तर दुर्मिळ सालाचाही भाव बराचसा पडतो.

राम-सीता-हनुमान आणि 1818 साल असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा ‘आणा’ लाखांना जातो, हे साफ खोटं आहे. कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही, ती देवस्थानी टोकनं, म्हणजे भाविकांसाठीचे बिल्ले आहेत. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं.

विकायचंच असेल तर सराफाकडे शेवटी जा, तो वजनाचेच पैसे देईल. आधी नाण्यांच्या लिलावात त्याच सालाचं, तेवढंच झिजलेलं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते पाहा. जाहिरातीत मागितलेला आकडा धरू नका. आणि परदेशातल्या मुलांकडे पाठवणार असाल तर थांबा: शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही.