नीटचा क्लास: टॉपरचे फोटो सोडा, फिजिक्सला कोण आहे ते बघा

भाची यंदा दहावी झाली, डॉक्टर व्हायचंय म्हणते, म्हणजे नीट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा आलीच, आणि ताईने क्लास शोधायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. सध्या घरात एकच विषय, क्लाससाठी लातूर का राजस्थानातलं कोटा का इथंच सांगलीत.

कोटा मी आधीच कापलं. कारण बारावी तिकडून झाली तर महाराष्ट्रातल्या पोरांसाठी राखीव असलेल्या मेडिकलच्या ८५ टक्के जागांचं काय? त्यासाठी काही अपवाद सोडले तर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातनंच लागतात. मग लोक इथं कॉलेजला नुसतं नाव घालतात आणि पोरगं तिकडं, म्हणजे प्रॅक्टिकल, हजेरी सगळं रामभरोसे.

टॉपरच्या फोटोंवर तर जाऊच नका, एकच पोरगं दोन-तीन बॅनरवर हसत असतं, एकीकडे दोन वर्षं शिकलेलं आणि दुसरीकडे फक्त टेस्ट सिरीज दिलेली. २०२४ मध्ये केंद्राने नियम काढलाय की त्याने नेमका कोणता कोर्स घेतला होता ते जाहिरातीत लिहायचं, त्यामुळे फोटोखालची बारीक अक्षरं वाचा.

माझं म्हणणं एवढंच की फिजिक्सला कोण आहे ते आधी बघा. पेपर ७२० मार्कांचा, त्यात निम्मी बायोलॉजी, पण ती एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं चारदा वाचून घरी पण होते हो. फिजिक्सचे ४५ प्रश्न मात्र भल्याभल्यांना रडवतात, चुकलं की एक मार्क कट, आणि स्टेट बोर्डाच्या पोरांना तसल्या न्यूमरिकल्सची सवय नसते. डेमोला येणारे सर नंतर फक्त हुशार पोरांच्या स्टार बॅचलाच दिसतात असं पण असतं, म्हणून हे काउंटरवरच्या मॅडमना नाही, जिन्यात उभ्या असलेल्या पोरांना विचारा. डाऊट विचारायला गेलं की किती वेळ ताटकळावं लागतं ते पण तीच खरं सांगतात.

फी विचारताना १८ टक्के जीएसटी धरून सांगताय का ते विचारा, आणि दोन वर्षांची एकदम भरू नका. मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असं केंद्राच्या २०२४ च्या गाइडलाइन्समधे आहे, पण फॉर्मवर बऱ्याचदा "फी परत मिळणार नाही" असंच छापलेलं असतं, सही करायच्या आधी ते खोडून घेतात का बघा.

दाजी सांगलीवर अडलेत, ताईला लातूर हवंय. भाची म्हणते आधी डेमो बघू, आणि मला तिचंच पटतंय.