पेलेट, ओलावा आणि दोनदा जाम झालेली डाय

पहिल्यांदा पेलेटचं (म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचं) मशीन चालू केलं तेव्हा वाटलं होतं काय अवघड आहे, वरून भुसा टाकायचा, रोलर दाबेल, डायच्या, म्हणजे धातूच्या जाड साच्याच्या, भोकांतून खाली कांड्या पडतील. पडलं काय, तर वाफ आणि ओलसर चुरा, आणि थोड्या वेळाने तेही बंद. मग डाय काढून ड्रिलने एकेक भोक मोकळं करत बसलो, 6 मिमीचं भोक आणि आत दगडासारखा घट्ट बसलेला भुसा, अख्खी दुपार त्यात गेली.

माल ओला होता. हाताला कोरडा लागला म्हणून टाकला, पण हाताचं काही खरं नसतं, ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घ्याच. 10 ते 15 टक्के हवा. जास्त असला की आत वाफ धरते आणि कांडी फुटते. दुसऱ्या वेळी मी जास्तीचं शहाणपण करून पार खडखडीत वाळवला, तर डाय तापली आणि पुन्हा जाम!! शेवटी पाण्याचा हलका हबका मारून रात्रभर झाकून ठेवला तेव्हा कुठे जमलं.

डिंक वगैरे सहसा लागत नाही. लाकडात, काडीकचऱ्यात लिग्निन (तंतू धरून ठेवणारं नैसर्गिक द्रव्य) असतं, ते घर्षणाने तापून मऊ होतं आणि गार झालं की धरून ठेवतं. म्हणून गरम माल लगेच पोत्यात भरायचा नाही, पसरून गार करायचा. चांगली कांडी वरून चकचकीत असते, मोडली की टक् वाजते, पाण्यात टाकली की तळाशी जाते (आणि थोड्या वेळाने तिचा लगदा होतो, त्यामुळे साठवण कोरड्यातच).

एवढा खटाटोप कशाला, तर सुटा पेंढा एक घनमीटरमध्ये 100 किलोसुद्धा बसत नाही, पेलेट 600 च्या पुढे बसतात.

पण सगळा कचरा सारखा नाही. लाकडाच्या भुशाची राख टक्का-दीड टक्का, भाताच्या तुसाची 15 ते 20. पेंढ्यात पोटॅशियम जास्त, राख वितळते आणि शेगडीत खंगर (वितळून घट्ट बसलेला राखेचा गोळा) धरतो. मी तर तो पहिल्यांदा छिन्नीने फोडून काढला, आता पेंढ्यात लाकडाचा भुसा मिसळतो. जंगलातला पालापाचोळा मात्र नाही आणत, एक तर त्यातली माती डाय खाते, आणि तो तिथेच कुजलेला बरा.