खिसा ऐरोलीला, बोंब वाशीला

लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) कोसळला आणि कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत, ईएक्सटी-४ या फाइलसिस्टमचं फंक्शन दिसलं, की सगळे त्याच फंक्शनमध्ये डोकं घालून बसतात. मेमरी करप्शनच्या, म्हणजे मेमरीतला मजकूर चुकून बिघडण्याच्या, बाबतीत तिथे बहुधा काहीच सापडत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिसा कापला जातो ऐरोलीच्या गर्दीत, कळतं वाशीला उतरल्यावर. मग वाशीचा फलाट कितीही शोधा. खरं काम म्हणजे कापणं आणि कळणं यांतलं अंतर कमी करणं.

आधी बिघडलेला पत्ता नीट वाचा. रजिस्टरमध्ये ‘६बी ६बी ६बी ६बी’ अशी रांग असेल, तर मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर उचललाय. स्लबचं, म्हणजे कर्नलच्या मेमरी-वाटप यंत्रणेचं, पॉइझनिंग चालू असताना फ्री झालेली जागा याच बाइटने भरली जाते. एक्स-८६ च्या ६४ बिटवर ‘डेड’ने सुरू होऊन १०० किंवा १२२ वर संपणारा पत्ता म्हणजे लिस्टमधून काढून टाकलेल्या नोडला कुणीतरी पुन्हा हात लावलाय. यासाठी वेगळा डीबग कर्नल लागत नाही.

पुढची पायरी, बूट ओळीत स्लब डीबगला एफ, झेड, पी, यू ही चार अक्षरं: तपासणी, रेडझोन (ऑब्जेक्टच्या कडेचा निषिद्ध पट्टा), पॉइझन आणि कुणी घेतलं-कुणी सोडलं याची नोंद. पण ही तपासणी ऑब्जेक्ट घेताना आणि सोडताना होते, म्हणजे दर स्टेशनला खिसा चाचपल्यासारखी. कोणत्या दोन स्टेशनांमध्ये गेला ते कळतं, कुणी मारला ते नाही.

त्यासाठी केसॅन (KASAN), कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस. लिनक्स ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून, तो कर्नलमध्ये आहे. जेनेरिक प्रकारात दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरी (कुठल्या बाइटला हात लावायला परवानगी आहे याची नोंदवही) जाते, म्हणजे ४ जीबीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये अर्धा जीबी त्यातच गेला. वेगही चांगलाच मार खातो. बदल्यात कंपायलरने प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी घातलेली असते, त्यामुळे पाकीटमार हात घालतानाच पकडला जातो. रिपोर्टमध्ये तीन स्टॅक येतात: हात कुणी लावला, जागा कुणी घेतली, कुणी सोडली. फाइलसिस्टमच्या यूज-आफ्टर-फ्रीमध्ये (सोडलेली जागा पुन्हा वापरण्यात) तिसरा स्टॅक सर्वांत बोलका. अनमाउंट किंवा एरर पाथमध्ये रेफरन्स (ऑब्जेक्ट कुणीतरी वापरतंय ही नोंद) एकदा जास्त सोडलेला बऱ्याचदा तिथेच दिसतो.

आता केसॅनचा आंधळा कोपरा, ज्यात फाइलसिस्टमवाले हमखास अडकतात. डिस्कवरून वाचलेला ब्लॉक स्लबमध्ये नसतो, पेज कॅशच्या (डिस्कवरचा मजकूर धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या) पानात असतो. दोन पानांमध्ये रेडझोन नसतो. समजा, बिघडलेल्या इमेजमधल्या डिरेक्टरी एंट्रीची लांबी खोटी आहे आणि कोड ४०९६ बाइटच्या ब्लॉकबाहेर गेला. शेजारचं पान तेव्हा मोकळं असेल तर केसॅन ओरडतो, तेही ‘यूज-आफ्टर-फ्री’ म्हणून! लोक मग दिवसभर रेफरन्स काउंट मोजत बसतात. चूक असते हद्द ओलांडल्याची. पान वापरात असेल, तर चिडीचूप. ब्लॉक १ केबीचे असतील तर एकाच ४ केबी पानात चार बसतात आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये घुसलं तरी केसॅनला पत्ता लागत नाही. म्हणून तीच इमेज-चाचणी दोन्ही ब्लॉक आकारांवर चालवा. संशयित ब्लॉक केमॅलॉकच्या (स्लबमधून जागा देणाऱ्या फंक्शनच्या) बफरमध्ये कॉपी करून पार्सर त्यावर चालवला, तर रेडझोन आपोआप मिळतो. हा जुगाड पॅचमध्ये पाठवायचा नाही, एवढंच.

डीएमएने, म्हणजे उपकरणाने थेट मेमरीत, केलेलं लेखनही केसॅनला दिसत नाही. ते सीपीयूच्या सूचनांमधून जातच नाही.

डिस्क कशी दिसते, तेही बघाच. आधी इमेजची कॉपी, मग ई-टू-एफएसचेक (ईएक्सटी फाइलसिस्टम तपासणारं साधन) फक्त वाचायच्या मोडमध्ये. चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) बरोबर पण मजकूर भलताच, हा मोठा पुरावा असतो: मेमरीत ब्लॉक बिघडला आणि त्यानंतरच्या कुठल्यातरी बदलाने कचऱ्यावरच नवा चेकसम काढला. एक्सएफएस (दुसरी एक फाइलसिस्टम) इथे हुशार आहे. लिहिण्याआधी रचना तपासतो आणि पटली नाही तर फाइलसिस्टम बंद करतो. बिघडलेल्या आणि बरोबर मजकुरातला फरक एकाच बिटचा निघाला, तर कोड उघडण्याआधी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा.

दुरुस्तीत शेवटची फसगत हद्दीच्या तपासणीतच होते. ‘ऑफसेट अधिक साइझ शेवटापेक्षा मोठे का’ असं लिहिलं आणि दोन्ही आकडे ३२ बिटचे, डिस्कवरून आलेले असतील, तर बेरीज ३२ बिटांत न मावल्याने गुंडाळून छोटी होते आणि तपासणी पास. आधी ऑफसेट शेवटाच्या आत आहे का बघा, मग साइझची तुलना ‘शेवट वजा ऑफसेट’शी करा.